सांगली ४१६४१६, सातारा ४१५००१ : सहा अंकी संख्या कागदावर कशी उलगडायची

आपल्या भागातल्या माणसाला एखादी तरी मोठी संख्या न शिकवता पाठ असते. सांगलीत ४१६४१६, साताऱ्यात ४१५००१. पार्सलवर, शाळेच्या अर्जावर, बँकेच्या फॉर्मवर पिनकोड इतक्या वेळा लिहिला जातो की ती एक संख्या आहे हे लक्षातच राहत नाही. इथे या दोन संख्यांचे मूळ अवयव पाडायचे आहेत, तेही कॅल्क्युलेटरशिवाय. अवयव हाती आले की त्यांतून बाकीचे गुणधर्म कसे वाचायचे, तेही बघू. आठवीपर्यंतचं गणित पुरेसं आहे. कागद-पेन्सिल घ्या आणि ३२ पर्यंतचे वर्ग पाठ नसतील तर बाजूला लिहून ठेवा, ते पुन्हा पुन्हा लागतील.

पिनकोडबद्दल थोडंच सांगतो. तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि त्याची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर यांची. पहिल्या तीन अंकांवरून टपालाची वर्गवारी होते, शेवटचे तीन अंक वाटप करणारं कार्यालय सांगतात. ४१६ हे अंक एकट्या सांगलीचे नाहीत, कोल्हापूर आणि सिंधुदुर्गातही तेच चालतात. उलट सांगली जिल्ह्यातल्याच विटा, इस्लामपूरला साताऱ्यासारखं ४१५ आहे. सांगलीच्या मुख्य कार्यालयाच्या वाट्याला मात्र शेवटचे तीन अंकही ४१६ च आले. हा योगायोग गणिताच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

भागाकाराआधी संख्येकडे नीट बघा

रविवारी माझ्याकडे गणिताला येणाऱ्या मुलांना मी ४१६४१६ दिली की बहुतेक जण लगेच २ ने भागायला लागतात. त्यात चूक काहीच नाही. फक्त उत्तरं एकाखाली एक नीट मांडा आणि त्यांच्याकडे बघा:

४१६४१६
२०८२०८
१०४१०४
५२०५२
२६०२६
१३०१३

पाच वेळा निम्मं केलं तरी संख्येची जोडी फुटत नाही. २०८ च्या मागे २०८, १०४ च्या मागे १०४. पुढे ५२ दोन अंकी झाल्यावर मागच्या गटात जागा भरायला शून्य येतं, ५२ आणि ०५२. शेवटी १३ आणि ०१३. कारण साधं आहे. ४१६४१६ म्हणजे ४१६ हजार अधिक ४१६, म्हणजेच ४१६ × १००१. आपण निम्मं करत होतो ते फक्त ४१६ ला, १००१ ला धक्काच लागत नव्हता.

आता १००१ = ७ × ११ × १३. हा गुणाकार मुलांनी पाढ्यासारखा पाठ करावा असं माझं ठाम मत आहे, कारण तो आयुष्यभर उपयोगी पडतो. ४१६ = ३२ × १३. म्हणून

४१६४१६ = २ × २ × २ × २ × २ × ७ × ११ × १३ × १३

म्हणजे २ चा पाचवा घात, ७, ११ आणि १३ चा वर्ग. सगळ्यात मोठा मूळ अवयव फक्त १३! चार लाखांवरच्या संख्येत हे सहसा घडत नाही. पडताळा जरूर घ्या: ३२ × ७ = २२४, २२४ × ११ = २४६४, आणि २४६४ × १६९ करताना १७० पट करून एक पट वजा करा. ४१८८८० − २४६४ = ४१६४१६.

७, ११ आणि १३ ची एकत्र कसोटी

साताऱ्याच्या ४१५००१ मध्ये अशी जोडी नाही. शेवटी १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ११, म्हणून ३ बाद. इथवर सगळ्यांना येतं. गाडी अडते ती ७ पाशी, कारण शाळेत शिकवलेली ७ ची कसोटी बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

त्यासाठी १००१ वापरा. संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांच्या गटांत तोडा आणि दोन गटांची वजाबाकी करा. जे उरेल त्याला ७, ११ किंवा १३ ने भाग गेला तरच मूळ संख्येला जाणार. (संख्या आणखी लांब असेल तर गट आळीपाळीने अधिक-उणे करायचे.) ४१५ − ००१ = ४१४. सात एकोणसाठ चारशे तेरा, १ उरला. ११ ने भागल्यावर ७ उरतात, १३ ने भागल्यावर ११. तिघेही बाद, आणि तीनच अंकी भागाकारांत.

सांगलीला ही कसोटी लावली तर ४१६ − ४१६ = ०. शून्याला तिन्हींनी भाग जातो. मघाचंच उत्तर दुसऱ्या दाराने आलं.

भागत कुठवर जायचं?

संयुक्त संख्येचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. दोन्ही अवयव वर्गमुळापेक्षा मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पलीकडे गेला असता. म्हणून आधी वर्गमूळ हवं.

शेवटी ५ असलेल्या संख्येचा वर्ग तोंडी होतो. ६४५ साठी ६४ × ६५ = ४१६०, त्यापुढे २५ लिहा: ४१६०२५. हा वर्ग आपल्या दोन पिनकोडांच्या मधे पडतो, साताऱ्याच्या वर आणि सांगलीच्या खाली. त्याआधीचा वर्ग काढायला ६४५ आणि ६४४ वजा करा: ४१६०२५ − १२८९ = ४१४७३६. म्हणजे साताऱ्याचं वर्गमूळ ६४४ आणि ६४५ च्या मधे आहे, आणि ६४४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागेल.

अशा मूळ संख्या ११७ आहेत. १७ ने भागल्यावर १४ उरतात, १९ ने ३, २३ ने १२. ८३ पाशी तर संख्या अगदी एकाने हुकते, कारण ८३ × ५००० = ४१५०००. या रस्त्याने गेलात तर पानंच्या पानं भरतील आणि बराच वेळ काही हाती येणार नाही. चिकाटीचं मुलगं शंभर भागाकारांनंतर ही संख्या मूळच आहे असं जाहीर करेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. इथे पद्धत बदलायला हवी.

वर्गातून वर्ग वजा करा

क्ष² − य² = (क्ष − य)(क्ष + य) हे सूत्र आठवीपर्यंत सगळ्यांनी घोटलेलं असतं. ते उलटं चालवायचं. दिलेली संख्या दोन वर्गांच्या फरकाच्या रूपात लिहिता आली की अवयव आपोआप मिळतात.

कृती अशी. संख्येच्या लगेच वरचा वर्ग घ्या, त्यातून संख्या वजा करा, आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का बघा. नसेल तर पुढचा वर्ग घ्या. साताऱ्यासाठी लगेच वरचा वर्ग ६४५ चा:

४१६०२५ − ४१५००१ = १०२४

आणि १०२४ म्हणजे ३२ चा वर्ग. पहिल्याच पावलाला!

४१५००१ = (६४५ − ३२)(६४५ + ३२) = ६१३ × ६७७

पहिल्यांदा हे केलं की जो आनंद होतो तो मी सांगण्यापेक्षा तुम्ही घ्यावा. ६१३ आणि ६७७ दोन्ही मूळ आहेत. दोन्हींचं वर्गमूळ २७ च्या आत, त्यामुळे २३ पर्यंतच्या नऊ मूळ संख्यांनी भागून पाच मिनिटांत खात्री करून घ्या. ६१३ ही ११२ वी मूळ संख्या आहे, म्हणजे २ पासून क्रमाने भागत गेला असता तर ११२ व्या भागाकाराला उत्तर आलं असतं. इथे एका वजाबाकीत आलं.

ही पद्धत जगभर फर्माच्या नावाने ओळखली जाते. पिएर द फर्माने १६४३ मध्ये २०२७६५१२८१ ही संख्या अशीच फोडली, ४४०२१ × ४६०६१. त्यासाठी ४५०३० च्या वर्गापासून सुरुवात करून ४५०४१ च्या वर्गापर्यंत, एकूण बारा वर्ग तपासावे लागतात. पण हीच कल्पना नारायण पंडितांच्या १३५६ मधल्या ‘गणितकौमुदी’त आहे, फर्माच्या जवळपास तीनशे वर्षं आधी. आपल्या शाळांमध्ये हे सांगितलं जात नाही याची मला मनापासून खंत वाटते.

पुढचे वर्ग काढताना दर वेळी गुणाकार करू नका. ६४५ च्या वर्गात ६४५ आणि ६४६ मिळवले की ६४६ चा वर्ग मिळतो: ४१६०२५ + १२९१ = ४१७३१६. आणि वजाबाकीनंतर उरलेल्या संख्येचा शेवटचा अंक २, ३, ७ किंवा ८ असेल तर ती पूर्ण वर्ग असूच शकत नाही, सरळ पुढे जा.

आता ६४६ चा वर्ग आलाच आहे, तर सांगलीलाही ही पद्धत लावू:

४१७३१६ − ४१६४१६ = ९००

पुन्हा पूर्ण वर्ग, ३० चा! म्हणून ४१६४१६ = ६१६ × ६७६. दोन्ही शहरांच्या संख्या पहिल्याच पावलाला फुटल्या. साताऱ्याचा मोठा अवयव ६७७, सांगलीचा ६७६. हा निव्वळ योगायोग आहे, पण इतका देखणा योगायोग दाखवल्याशिवाय राहवत नाही.

६७७ मूळ आहे. त्याच्या शेजारचा ६७६ मात्र २६ चा वर्ग आहे, आणि ६१६ चे २, ७, ११ असे बारीक तुकडे होतात. संख्या केवढी आहे त्यावरून तिचा स्वभाव कळत नाही, तो अवयवांत असतो. पुढे बघाच.

अवयवांतून बाकीचं वाचा

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. सांगलीचे घातांक ५, १, १, २, म्हणून ६ × २ × २ × ३ = ७२ विभाजक. साताऱ्याचे २ × २ = ४, म्हणजे १, ६१३, ६७७ आणि ती स्वतः.

स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली तर फरक आणखी डोळ्यांत भरतो. साताऱ्याची १ + ६१३ + ६७७ = १२९१. सांगलीसाठी प्रत्येक मूळ संख्येच्या घातांची बेरीज करून गुणायची: ६३ × ८ × १२ × १८३ = ११०६७८४. त्यातून ४१६४१६ वजा केले की ६९०३६८. संख्येपेक्षाही कितीतरी जास्त.

मसावि बघायला वेगळं काही करावं लागत नाही. दोघींत एकही मूळ अवयव सामाईक नाही, म्हणून मसावि १.

दोन वर्गांची बेरीज होते का, या प्रश्नावर मात्र थोडं थांबू. हा माझा सगळ्यात आवडता भाग. आधी सांगली. कुठल्याही वर्गाला ७ ने भागलं तर बाकी ०, १, २ किंवा ४ च येते, १ ते ६ चे वर्ग करून स्वतः बघा. यांतल्या कुठल्याही दोन बाक्यांची बेरीज ७ च्या पटीत येत नाही, अपवाद फक्त ० आणि ० चा. म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेला ७ ने भाग जायचा तर दोन्ही संख्यांना ७ ने भाग जायला हवा, आणि मग बेरजेला ४९ नेही जाईल. ४१६४१६ ला ७ ने भागलं की ५९४८८ येतात, आणि त्यांना पुन्हा ७ ने भागलं की २ उरतात. ४९ ने भाग जात नाही. म्हणून सांगलीचा पिनकोड कोणत्याही दोन वर्गांची बेरीज नाही. हजारो जोड्या न तपासता चार ओळींत निकाल लागला.

तीन वर्ग मात्र चालतात: ६३६² + १०८² + १६² = ४०४४९६ + ११६६४ + २५६ = ४१६४१६.

साताऱ्याचं उलटं. ६१३ आणि ६७७ दोघांनाही ४ ने भागल्यावर १ उरतो, आणि अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते. हे फर्माने सांगितलं आणि अठराव्या शतकात ऑयलरने सिद्ध केलं. ६७७ = २६² + १², ६१३ = १८² + १७². आता या दोन बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज करून दाखवायचा आहे. ते साधन ब्रह्मगुप्तांच्या इसवी सन ६२८ मधल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त आहे, त्याला भावना म्हणतात. २६, १ आणि १८, १७ हे आकडे आधी सरळ गुणा, मग तिरके गुणा, आणि एकीकडे बेरीज तर दुसरीकडे वजाबाकी करा:

२६ × १८ + १ × १७ = ४८५, आणि २६ × १७ − १ × १८ = ४२४

४८५² + ४२४² = २३५२२५ + १७९७७६ = ४१५००१

बेरीज-वजाबाकीची अदलाबदल केली की दुसरी जोडी मिळते: ४५१² + ४६०² = २०३४०१ + २११६०० = ४१५००१. याव्यतिरिक्त तिसरी जोडी नाही.

कापरेकरांच्या दोन कसोट्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. त्यांचा ६१७४ हा स्थिरांक बहुतेकांनी ऐकलेला असतो. पण त्यांनी हर्षद संख्याही दिल्या, आणि त्या तिसरीच्या मुलालाही समजतात: संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग गेला तर ती हर्षद. ६१७४ स्वतः हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ ÷ १८ = ३४३.

४१६४१६ च्या अंकांची बेरीज २२. भाग द्या: १८९२८. बाकी शून्य, सांगली हर्षद. आता १८९२८ च्या अंकांची बेरीज २८, पुन्हा भाग द्या: ६७६. पुन्हा बाकी शून्य! आणि हा ६७६ म्हणजे मघाशी वर्गांच्या वजाबाकीतून आलेलाच मोठा अवयव, कारण २२ × २८ = ६१६. तिथून पुढे साखळी तुटते, ६७६ च्या अंकांची बेरीज १९ आणि बाकी ११ उरते. साताऱ्याच्या अंकांची बेरीज ११. पण ११ ने भाग जात नाही हे १००१ च्या कसोटीत आधीच दिसलं आहे, म्हणून ती हर्षद नाही.

दुसरी कसोटी स्वयंभू संख्यांची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून आपली संख्या तयार होत असेल तर तो तिचा जनक. जनकच नसेल तर संख्या स्वयंभू. शोधायला पन्नासएक संख्या तपासायची गरज नाही, ९ ची बाकी वापरा. कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने भागल्यावर बाकी सारखीच असते. म्हणून जनकाच्या अंकांच्या बेरजेची दुप्पट आणि आपली संख्या यांची बाकीही सारखी यायला हवी. ४१६४१६ ची बाकी ४, म्हणजे जनकाच्या अंकांच्या बेरजेची बाकी २. मग उमेदवार उरतात फक्त २, ११, २०, २९, ३८, ४७. एकेक वजा करून बघा. ४१६४१६ − २९ = ४१६३८७, आणि ४ + १ + ६ + ३ + ८ + ७ = २९. जनक सापडला, आणि तो एकटाच आहे. साताऱ्याचा याच रीतीने ४१४९७३ निघतो.

याचा उपयोग कुठे होतो?

पालक हमखास विचारतात, म्हणून सांगतो. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार पटकन करता येतो, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणं अतिशय अवघड असतं. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी मांडलेली आरएसए ही संकेतपद्धत याच अडचणीवर उभी आहे. साताऱ्याचा पिनकोड हे तिचं छोटं रूप आहे, आणि तिच्यातला धोकाही तो दाखवतो. ६१३ आणि ६७७ एकमेकांच्या फार जवळ होते म्हणून तर वर्गांची वजाबाकी पहिल्याच पावलाला लागू पडली. आरएसएची चावी बनवताना मूळ संख्या एकमेकींपासून पुरेशा दूर घ्याव्या लागतात ते यासाठीच. हे न पाळल्यामुळे काही प्रिंटरांनी बनवलेल्या चाव्या याच जुन्या पद्धतीने फुटत असल्याचं २०२२ मध्ये उघड झालं.

आता कराड आणि मिरज

सरावासाठी कराडचा ४१५११० घ्या. शेवटी शून्य, म्हणून २ × ५ बाहेर काढा, उरले ४१५११. अंकांची बेरीज १२, म्हणून ३ काढा, उरले १३८३७. आता ८३७ − १३ = ८२४, त्याला ७, ११, १३ पैकी कुणानेच भाग जात नाही. मग वर्ग. ११८² = १३९२४, फरक ८७, शेवटी ७ म्हणून सोडा. ११९² = १४१६१, फरक ३२४ म्हणजे १८². झालं: १०१ × १३७. कराड = २ × ३ × ५ × १०१ × १३७.

मिरजेच्या ४१६४१० ला मात्र ही युक्ती चालवू नका. २ × ५ काढल्यावर ४१६४१ उरतात. ३ ने भाग नाही. ६४१ − ४१ = ६००, म्हणून ७, ११, १३ नेही नाही. वर्ग तपासायला २०५ पासून सुरुवात केली तर एकामागून एक वर्ग येत राहतील आणि फरक कधीच पूर्ण वर्ग निघणार नाही, तो थेट २०८२१ च्या वर्गापाशी निघेल, म्हणजे २०६१७ व्या पावलाला. तेव्हाही अवयव मिळतील ते १ आणि ४१६४१. म्हणून पाच-सहा वर्ग तपासून फरक जुळला नाही की इथे भागाकाराकडे परत या. वर्गमूळ २०४ च्या थोडं पुढे आहे, तिथवर ४६ मूळ संख्या आहेत आणि १३ पर्यंतच्या सहा आधीच बाद झाल्या आहेत. उरलेल्या चाळीस एकेक करून घ्या: १७ ने भागल्यावर ८ उरतात, १९ ने १२, ४७ ने ४६ (इथे एकाने हुकतं), १०९ ने ३. शेवटची १९९, तिच्यापाशी बाकी ५०. मिरजेचा ४१६४१ मूळ आहे.